शल्यविशारद निवडायचा कसा?

सदनिका विकत घेण्यापूर्वी मध्यमवर्गीय माणूस वकिलाकडून कागदपत्रे तपासून घेतो, बांधकामाची नोंदणी झाली आहे की नाही हे 'महारेरा'कडे पाहतो आणि तरीही चार ठिकाणी विचारल्याखेरीज बयाणा देत नाही. तोच माणूस तीव्र लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठी काही लाख रुपये आणि स्वतःचा देह ज्याच्या स्वाधीन करावयाचा, त्या शल्यविशारदाची निवड मात्र एखाद्या परिचिताच्या शब्दावर किंवा चौकातील फलकावर करतो. हा त्याचा निष्काळजीपणा नव्हे. ज्या माहितीच्या आधारे निवड करावी, ती माहितीच त्याच्या हाती पडू नये अशी आपल्याकडील वैद्यकीय व्यवहाराची रचना आहे.

हा प्रश्न आता मूठभर धनिकांचा राहिलेला नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे वा लठ्ठ आढळले. २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण अनुक्रमे २०.६ व १८.९ टक्के होते. अर्थात यांतील बहुसंख्यांना शस्त्रक्रियेची गरज नाही. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीरभार निर्देशांक मिळतो. तो ४० च्या पुढे गेलेला, किंवा ३५ च्या पुढे जाऊन जोडीला मधुमेह, झोपेत श्वास अडकणे असे विकार जडलेले रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य, असा दंडक १९९१ साली अमेरिकेत ठरला. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो सैल केला आणि आशियाई लोकांसाठी आणखी खाली आणला. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत ४० हा निर्देशांक म्हणजे सुमारे १०२ किलो वजन.

अशा स्त्रीला 'खाणे आवरा, चालायला जा' असे सांगणारे उदंड भेटतात. लठ्ठपणा हा विकार नसून चारित्र्यातील ढिलाई आहे, अशी समजूत सुशिक्षितांतही घट्ट आहे. तिचा परिणाम निवडीवर होतो. मोतीबिंदूसाठी कोणाकडे जावे हे कचेरीत विचारले तर दहा जण दहा नावे सांगतात, स्वतःचा अनुभवही सांगतात. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेतलेला मनुष्य मात्र बहुधा 'आहारात बदल केला' एवढेच बोलतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मिळणारी फुकटची आणि बऱ्याच अंशी विश्वसनीय माहिती या एका शस्त्रक्रियेच्या बाबतीत आटून गेलेली असते.

आणि येथे माहितीची गरज तर इतरांहून अधिक आहे. एका प्रकारात जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची अरुंद नळी करतात. दुसऱ्यात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. पहिल्याला स्लीव्ह, दुसऱ्याला बायपास म्हणतात. दोन्ही बहुधा दुर्बिणीतून होतात. शिवण गळणे, रक्तस्राव, पायाच्या शिरेतील गुठळी फुप्फुसात जाणे हे धोके क्वचित उद्भवतात. परंतु उद्भवले की तास मोजावे लागतात. अशा कामात हाताच्या कसबाला किती मोल असते?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर अमेरिकेतील मिशिगन राज्यातून आले. तेथील २० शल्यविशारदांनी स्वतः केलेल्या बायपास शस्त्रक्रियेचे चित्रीकरण सादर केले आणि कोणाचा हात आहे हे न कळू देता त्यांच्या समव्यावसायिकांनी त्याला गुण दिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्वांत कमी गुण मिळालेल्या चतुर्थांशाच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वाधिक गुणांच्या चतुर्थांशात ५.२ टक्के होते. मृत्यूचे प्रमाण दहा हजारांत २६ आणि ५ असे होते. म्हणजे तोच रोग, तीच शस्त्रक्रिया, आणि जिवाची जोखीम पाचपट. हे वीसही जण हीच शस्त्रक्रिया करणारे होते; पदव्यांची अक्षरे वाचून रुग्णाला त्यांच्यात भेद करता आला नसता. व्यवसायबंधूंना मात्र तो एका चित्रफितीवरून कळला.

वैद्यकीय सेवेतील अनिश्चिततेमुळे तेथे नेहमीच्या बाजारपेठेचे नियम चालत नाहीत, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच मांडले होते. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचा दाखला देऊन दाखविले की, मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असला, तर चांगल्या मालाला त्याची किंमत मिळत नाही. येथेही निराळे घडत नाही. निष्पत्ती दिसत नाही म्हणून रुग्ण जे दिसते त्यावर निवड करतो : इमारत, जाहिरात, प्रसिद्ध रुग्णांची नावे आणि खर्चाचा आकडा.

भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता डॉक्टरला जाहिरातीने रुग्ण मिळविण्यास आणि रुग्ण पाठविल्याबद्दल दलाली देण्याघेण्यास मनाई करते. तेव्हा फलक रुग्णालयाच्या नावाने लागतात. 'कट' या नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या दलालीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ मध्ये विधेयकाचा मसुदा तयार झाला. त्याचा कायदा झाला नाही. कुटुंबाच्या डॉक्टरने चिठ्ठी कोणत्या कारणाने दिली याची शंका मनात राहिली की त्या चिठ्ठीचे मोलच कमी होते, आणि यात प्रामाणिक डॉक्टरांवर सर्वाधिक अन्याय होतो.

त्याच वर्षी इजिप्तमधील एक अतिस्थूल महिला विमानाने मुंबईत आणली गेली आणि देशभर चर्चेचा विषय झाली. तिचे वजन नेमके किती घटले यावरून रुग्णालय आणि तिची बहीण यांच्यात जाहीर वाद झाला. पुढे ती अबूधाबीला गेली आणि सप्टेंबरमध्ये तेथेच तिचा अंत झाला. कोण बरोबर हे ठरविणे येथे अभिप्रेत नाही. एवढ्या गाजलेल्या रुग्णाच्या बाबतीतही दोन्ही पक्षांनी मान्य करावी अशी त्रयस्थ नोंद लोकांपुढे नव्हती, ही गोष्ट सूचक आहे. एप्रिल २०२४ मध्ये चेन्नईतील एका खासगी रुग्णालयात याच शस्त्रक्रियेच्या वेळी २६ वर्षांचा तरुण दगावला आणि तमिळनाडूच्या आरोग्य खात्याने चौकशी बसविली. शल्यविशारद जितका महत्त्वाचा, तितकेच त्याच्या पाठीशी असलेले अतिदक्षता कक्ष आणि भूलतज्ज्ञ महत्त्वाचे, हे अशा घटनांनंतरच लोकांच्या ध्यानात येते.

पगारदार वर्गाच्या बाबतीत निवडीला आणखी एक वळण लागते. विमा नियामकाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार वय किमान १८, निर्देशांक किमान ४०, अथवा ३५ आणि जोडीला हृदयविकार, झोपेतील श्वासाचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, अशा अटींत बसणारी शस्त्रक्रिया वगळलेल्या उपचारांत मोडत नाही. पॉलिसीतील प्रतीक्षाकाल अर्थातच पाहावा लागतो. हे स्वागतार्ह आहे. परंतु 'कॅशलेस' सवलत विमा कंपनीच्या यादीतील रुग्णालयांतच सहज मिळते. त्या यादीमागे दरांचे करार असतात. कोणाच्या किती रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले याचा रकाना ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या यादीत नसतो.

तो रकाना उघड करणे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांची शल्यविशारदनिहाय निष्पत्ती प्रसिद्ध होऊ लागली. यात धोका आहे, हे मान्य केले पाहिजे. न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या सुमारास हृदयशस्त्रक्रियांतील मृत्यूंचे आकडे जाहीर करण्यास आरंभ केल्यावर काही शल्यविशारद गंभीर रुग्ण टाळू लागले, असे पुढील अभ्यासांत दिसले. म्हणून रुग्णाचे वय, वजन आणि सहव्याधी हिशेबात धरूनच आकडे मांडले पाहिजेत. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. दर लावता येतो तर वर्षाकाठी किती शस्त्रक्रिया केल्या आणि तीस दिवसांत किती रुग्ण पुन्हा दाखल झाले, हेही लावता येईल. प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह शोधणाऱ्या ग्राहकाची ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. विमा कंपन्यांनी ठरविले तर कायद्याचीही वाट पाहावी लागणार नाही. यादीत येण्याची तीच अट करता येईल.

तोवर रुग्णाने विचारावयाचे काय? ही शस्त्रक्रिया आपण वर्षाला किती करता, गुंतागुंत किती जणांना झाली, रात्री दोन वाजता रक्तस्राव झाल्यास रुग्णालयात कोण असते, आणि मला स्लीव्हऐवजी बायपास का नको? मार्च २०२५ पासून टिर्झेपटाइड आणि जूनपासून वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात मिळू लागल्याने आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे : आधी औषध का नको? यांवर चिडणाऱ्या शल्यविशारदाकडे न जाणे बरे. आकडे सांगून 'तुम्हाला शस्त्रक्रियेची गरज नाही' असेही म्हणू शकणारा अधिक भरवशाचा.

एक प्रश्न मात्र मुंबई-पुण्याबाहेरच्या रुग्णाने सर्वांआधी विचारला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते, ठराविक काळाने रक्त तपासावे लागते, आणि काहींचे वजन काही वर्षांनी पुन्हा वाढू लागते. परभणीचा शिक्षक किंवा कणकवलीचा कारकून शस्त्रक्रियेपुरता मुंबईला जाईल, रजा टाकून पहिल्या दोन तपासण्यांनाही जाईल. तिसऱ्या वर्षी त्याचे हिमोग्लोबिन उतरू लागेल तेव्हा त्याच्याच गावात त्याचे कागद वाचून उपचार करणारा कोण, हे निघण्यापूर्वी ठरले पाहिजे.