आज रात्री कुत्रं मोकळं सोडू नका

अहिल्यानगर जिल्ह्यात वस्तीवर, मळ्यात, गावठाणात किंवा शहरातल्या कॉलनीत ज्यांच्या दारात कुत्रं आहे, त्या प्रत्येकाला हात जोडून विनंती आहे. आज दिवस मावळल्यावर ते मोकळं सोडू नका. दिवसाही ते कंपाउंडबाहेर एकटं जाणार नाही, अशी सोय आजच करा. पुढच्या आठवड्यात जाळी मारू, पाहुणे गेले की बघू, असं म्हणता म्हणता कुणाच्या तरी लेकराच्या पोटरीचा लचका गेलेला असतो.

घाई करायला कारण आहे. गळीत हंगाम सुरू आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, संगमनेरच्या उसाकडेला पडल्या आहेत. आईबाप अंधार असतानाच कोयता घेऊन फडात जातात, मागं लहानगी पोरं उरतात. पाण्याचा हंडा भरायला, दुकानातून चहापत्ती आणायला ती ज्या वाटेनं जातात, ती वाट तुमच्या वस्तीवरून जाते. गावातल्या पोरांना तुमचं कुत्रं वासानं ओळखतं. ही पोरं त्याला परकी आहेत, आणि त्यांच्या बाजूनं भांडायला गावात कुणी नसतं.

त्यात हा काळ पिल्लांचा. भाद्रपदात फळलेल्या कुत्र्या साधारण ६३ दिवसांनी वितात, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात. एरवी शेपूट हलवणारी गावठी कुत्रीसुद्धा कडब्याच्या गंजीखाली पिल्लं असली की वाटसरूच्या अंगावर धावते.

“आमचं कुत्रं काही करीत नाही.” तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला नगरपासून अकोल्यापर्यंत हेच ऐकायला मिळतं. पुढची पुरवणीही ठरलेली असते, “तुम्ही फक्त पळू नका.” मालक खोटं बोलत नसतो. घरच्यांना ते खरंच काही करीत नाही, नातू त्याचे कान ओढतो, त्याच्या अंगावर झोपतो. पण त्याचा स्वभाव घरच्यांना विचारून कळणार नाही. तो दूधवाल्याला विचारा, मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्याला विचारा, घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना विचारा. त्या तुमच्या घरी येताना हातात दगड घेऊन येत असतील, तर उत्तर मिळालं.

कुत्रं रात्री का सोडतात, हे ठाऊक आहे. चोरांची धास्ती आहे. शनिशिंगणापूरची बिनदाराची घरं सोडली, तर या जिल्ह्यात राखणीला कुत्रं ठेवू नका, असं कुणाला सांगवणार नाही. त्याहून मोठी धास्ती बिबट्याची, आणि ती खोटी नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात कोपरगाव आणि नगर तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, त्यात लहान मुली होत्या. वस्तीवर राहणाऱ्याला शहरात बसून शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही.

पण बिबट्याच्या भीतीनं कुत्रं बाहेर ठेवणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातला एक अभ्यास ऐकावा. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासून ते नेमकं काय खातात, याचा हिशेब मांडला. पोटात गेलेल्या मांसापैकी ८७ टक्के पाळीव प्राण्यांचं निघालं, आणि एकट्या कुत्र्यांचं ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा अवघा ११ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या साताठ पट असूनही! कारण वस्तीवरच्या कुठल्याही म्हातारीला सांगता येईल. शेळ्या तिन्हीसांजेला आत कोंडल्या जातात, कुत्री बाहेर फिरतात. राखणीला म्हणून सोडलेलं कुत्रं बिबट्याला तुमच्या ओट्यापर्यंत आणतं. अंगणात साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही.

म्हणून रात्री मोकळंही नको आणि उघड्यावर बांधलेलंही नको. त्याला शेळ्यांसारखं आत घ्या. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी, वरूनही जाळी, दाराला कडी. भुंकणं तिथूनही ऐकू येतं, आणि राखणीला तेवढंच लागतं. बिबट्या दिसला तर वनविभागाला १९२६ वर फोन करा. हे केलंत की पहाटे शाळेच्या, फडाच्या, दूध डेअरीच्या वाटेवर चालणाऱ्या माणसाचीही काळजी आपोआप मिटते.

खरं तर जनावर आवरून ठेवणं या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या आपल्याच गावांनी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ठरवून पाळली, आणि ती बघायला देशभरातून माणसं आली. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात जातं आणि मालक दंड भरून सोडवून आणतो, याचा कायदा १८७१ पासून आहे. शेळीनं बांधापलीकडच्या घासाची चार पाती खाल्ली, तर मालक मान खाली घालतो. कुत्र्यानं पोराची मांडी फोडली की तोच मालक म्हणतो, “जनावर आहे ते, त्याला काय कळतं?” शेळीला कळतं आणि कुत्र्याला कळत नाही, असा काही प्रकार आहे का?

सरपंचांना आणि ग्रामसभेला मागणं एवढंच आहे, की शेळीचा नियम कुत्र्याला लावा. गावातल्या पाळीव कुत्र्यांची एक वही करा, घराचं नाव आणि रेबीजची लस कधी टोचली, एवढं लिहिलं तरी पुरे. लशीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांना गावात एक दिवस बोलवा आणि ती दरवर्षी टोचली जाईल, हे बघा. सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना कुत्री बांधलेली असतील, असा ठराव करा. चावा झाला तर दवाखान्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च मालकानं द्यायचा, हेही त्यात लिहा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेची वाट बघायची गरज नाही, विशेष सभा बोलावता येते.

बांधा म्हणजे कायमचं जखडून टाका, असा अर्थ मात्र काढू नका. हातभर साखळीला वर्षानुवर्षं बांधलेलं कुत्रं सुटलं की सगळ्यात आधी चावतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही. दोन खांबांमध्ये तार ताणून त्यावर सरकती साखळी लावली, तर कुत्र्याला अंगणभर फिरता येतं आणि रस्त्यावर जाता येत नाही. बाहेर नेताना दोरी मोठ्या माणसाच्या हातात असू द्या. चावरं असेल, तर बैलाला घालतो तसं त्यालाही मुसकं घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नसबंदी करून घ्या. आणि तिखट व्हावं म्हणून पिल्लाला मिरच्या चारणं, अंधारात कोंडणं, गंमत म्हणून वाटसरूवर छू करणं आता बंद करा. कुणाच्या अंगावर कुत्रं सोडणं, किंवा चावरं कुत्रं मुसक्याशिवाय रस्त्यावर मोकळं ठेवणं हा महाराष्ट्र पोलीस कायद्यानं १९५१ पासून गुन्हा आहे. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावली, म्हणून फाटकाबाहेरची जबाबदारी टळत नाही.

शहरात सावेडी-केडगावकडच्या कॉलन्यांत वाद जातीवर येतो. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींवर बंदीचं पत्र राज्यांना धाडलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. जातीच्या वादात पडूच नका. चावणारं कुत्रं गावठी असलं तरी टाके तितकेच पडतात.

आता ज्यांना शेजारच्या कुत्र्याचा त्रास आहे, त्यांच्याशी चार शब्द. आपल्याकडं कुत्र्याची तक्रार बऱ्याचदा बांधाच्या जुन्या भांडणाला चिकटून येते, आणि म्हणूनच समोरचा ती कानाआड करतो. बांधाचं बांधावर ठेवा. कुत्रं अंगावर आलं त्याच रागात दारात जाऊ नका. संध्याकाळी जा, दोन्ही घरांना मान्य असलेला कुणी वडीलधारा सोबत घ्या, आणि नेमकं मागा. “तात्या, कुत्रं ठेवाच तुम्ही, आमचं काही म्हणणं नाही. फक्त पोरं शाळेत जायच्या-यायच्या वेळेला तेवढं बांधा, आणि लशीचं कार्ड एकदा दाखवा.” एवढ्यावर बरेच तात्या ऐकतात. ऐकलं नाही, तर ग्रामपंचायतीकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शहरात महापालिकेकडं द्या. कुत्रं कधी, कुठं, कुणाच्या अंगावर आलं, हे तारखेनिशी लिहून ठेवा, फोटो काढा. २००७ पासून गावोगाव तंटामुक्ती समित्या झाल्या. तुमच्या गावची जागी असेल, तर हा तंटा तिच्याच कामाचा आहे.

तरीही नाहीच झालं, तर पोलीस ठाणं आहे. जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे “तुमचं आपसात मिटवा” असं सांगून परत पाठवलं, तर हे कलम नम्रपणे पुढं करा. कुत्रं धोकादायकच असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी ते कोंडून ठेवण्याचा किंवा त्याची अन्य व्यवस्था करण्याचा आदेश मालकाला देऊ शकतात.

शिक्षा कुठं होते, असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबईतली दोन उदाहरणं. नेपियन सी रोडला २०१० मध्ये एका रॉटवायलरनं ७२ वर्षांच्या गृहस्थाला चावे घेतले. मालकाला २०२३ मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली. वरळीत एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ मध्ये पाळीव कुत्रा शेजाऱ्याला चावला, त्या मालकाला २०२५ मध्ये चार महिने. निकालाला एकदा तेरा वर्षं लागली, एकदा सात. म्हणून कोर्टाचा रस्ता शेवटचा ठेवा, पण तो आहे, हे मालकाच्या कानावर जरूर घाला.

विष मात्र घालू नका. रागाच्या भरात पावात औषध कालवून टाकणारे आहेत. जनावर मारणं किंवा निकामी करणं याला न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय ते विष कुणाची कोंबडी, कुणाचं वासरू खाईल, सांगता येत नाही.

कुत्रं अंगावर आलंच, तर पळू नका. मालकाचं तेवढं वाक्य खरं आहे. जागेवर उभे राहा, हात अंगाशी घ्या, त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका. दप्तर, पिशवी, सायकल जे हाताशी असेल, ते मध्ये धरा आणि हळूहळू मागं सरका. खाली पडलात, तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाका. मोटारसायकलवर असाल, तर वेग वाढवण्याऐवजी कमी करा, पडून होणारी इजा चाव्यापेक्षा मोठी असते. पोरांना हे अंगणात उभं करून, करून दाखवा.

आणि चावा झाला, ओरखडा निघाला, किंवा जुन्या जखमेवर कुत्र्याची लाळ लागली, तर आधी नळाच्या धारेखाली साबणानं सलग पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, मिरची, तंबाखू काही भरू नका. घट्ट पट्टी बांधू नका, टाके घालायची घाई करू नका. तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा, सरकारी दवाखान्यात लस मोफत आहे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती घालणारे अजून भेटतात. ते दिवस कधीच गेले, आता लस दंडावर टोचतात. पहिली त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि पुढच्या ठरलेल्या दिवशी. एकही चुकवायची नाही. जखम रक्त निघण्याइतकी असेल, तर जखमेतच द्यायचं वेगळं इंजेक्शन लागतं. ते मिळालं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. तिथं नसेल, तर कुठं मिळेल तेही विचारा. गरोदर बाईनं आणि तान्ह्या बाळानंही लस घ्यायचीच आहे.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरं चावतात आणि साडेपाच हजारांहून अधिक माणसं रेबीजनं मरतात, असा देशभरच्या पाहणीवरून केलेला अंदाज आहे. वेळेत घेतलेल्या लशीनं हे मरण टळतं.

चावलेल्या कुत्र्याला मारून टाकू नका, लांब नेऊन सोडूनही देऊ नका. त्याला दहा दिवस बांधून, डोळ्यांसमोर ठेवा. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल, तर डॉक्टरांना पुढचा निर्णय घेता येतो. लस मात्र त्यासाठी थांबवायची नाही. ओळखीचं कुत्रं, मालक ओळखीचा, म्हणून लस टाळणारेच जास्त फसतात.

गेल्या आठवड्यात, गेल्या महिन्यात, अगदी दिवाळीच्या आधी शेजारच्या कुत्र्यानं दात लावला आणि “एवढंसंच तर खरचटलंय” म्हणून ज्यांनी सोडून दिलं, त्यांनी आजच दवाखाना गाठा. उशीर झाला म्हणून लस नाकारली जात नाही. जाताना कुत्र्याच्या मालकाला सोबत घ्या, लशीचं कार्ड असेल तर डॉक्टरांना दाखवता येईल. गाडीत पेट्रोल त्यालाच टाकू द्या.