हजार आणि एक हजार चोवीस

बाजारातून नवी हार्ड डिस्क आणावी, तिच्या वेष्टनावर ‘१ टेराबाइट’ असे ठळक अक्षरांत छापलेले असावे, आणि ती संगणकास जोडताच पडद्यावर ‘९३१ जीबी’ एवढाच आकडा उमटावा, हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे. मग उरलेले ६९ गेले कोठे? कारखानदाराने मापात पाप केले, असे म्हणून बहुतेक लोक मोकळे होतात. माझ्या मते हा आरोप चुकीच्या दारी नेला जात आहे.

हिशेब साधा आहे. ‘टेरा’ म्हणजे एक लाख कोटी. तेवढे बाइट त्या तबकडीत खरोखरच असतात. एकही कमी नसतो. परंतु विंडोज ही प्रणाली त्यांना १,०७,३७,४१,८२४ या संख्येने भागते आणि येणाऱ्या भागाकारापुढे ‘जीबी’ असे लिहिते. वास्तविक ‘गिगा’ म्हणजे शंभर कोटी. वस्तू तीच, गज मात्र दोन!

हा दुसरा गज आला कोठून? संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतील प्रत्येक घराला पत्ता असतो आणि तो पत्ता तारांवरून जातो. एक तार वाढली की घरांची संख्या दुप्पट होते. दहा तारा झाल्या की घरे १,०२४ होतात. ही संख्या हजाराच्या इतकी निकट की जुन्या तंत्रज्ञांनी तिलाच ‘किलो’ म्हणण्याचा प्रघात पाडला. चोविसांचा फरक तो काय! पण हा फरक चक्रवाढ व्याजाप्रमाणे फुगतो. किलोला २.४ टक्के, मेगाला सुमारे ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळजवळ १० टक्के. तबकडीला तर या दुपटीचे बंधनच नाही. तिच्या वर्तुळाकार मार्गांवर जितके खंड बसतील तितके बसवावयाचे. म्हणून तिची मोजणी दशमानाने व्हावी हेच स्वाभाविक होय.

या गोंधळाचा कळस पाहावयाचा असेल तर जुनी फ्लॉपी पाहावी. तिच्यावर ‘१.४४ एमबी’ असे छापलेले असे. तिची धारणा होती १४,७४,५६० बाइट. तेथे ‘मेगा’ म्हणजे ना दहा लाख, ना १०,४८,५७६. एक हजार गुणिले एक हजार चोवीस असा तो संकर होता! डीव्हीडीवरचे ४.७ जीबी दशमानाचे, म्हणून विंडोजमध्ये ते सुमारे ४.३८ दिसतात, सीडीचे ७०० एमबी मात्र दुसऱ्या मापाचे.

आपल्या वडीलधाऱ्यांना असा प्रसंग नवा नाही. पूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे होत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर भाग झाले. दोन पैशांची गल्लत होऊ नये म्हणून सरकारने धाकट्याला ‘नवा पैसा’ असे नाव दिले, आणि १९६४ साली ‘नवा’ हा शब्द गाळला. एका विशेषणाने केवढे काम केले! संगणकासाठीही अशी नावे आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाने १९९८ सालीच दिली आहेत: १,०२४ च्या मापाला किबी, मेबी, गिबी. विंडोजने ‘९३१ गिबीबाइट’ असे लिहिले असते तर तक्रारीला जागाच उरली नसती. ॲपल कंपनीने २००९ साली आपल्या मॅक संगणकांची मोजणी सरळ दशमानावर नेली. हाही मार्ग प्रामाणिकच.

म्हणून कारखानदार अगदीच धुतल्या तांदळासारखे आहेत असे मी म्हणणार नाही. ग्राहकाला पडद्यावर कोणता आकडा दिसणार, हे त्यांना चांगले ठाऊक होते. अमेरिकेत याच कारणावरून खटले झाले. वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ साली आणि सीगेटने २००७ साली तडजोड केली, दोष मात्र कबूल केला नाही. आता ‘१ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट’ ही टीप वेष्टनावर सामान्यतः असते, परंतु अशा बारीक अक्षरांत की आजोबांनी चष्मा लावूनही ती सापडू नये. (मोबाइलमधील जागा जी कमी भरते तिचे एक कारण वेगळे: त्याच्या स्वतःच्या प्रणालीनेच तेथे बिऱ्हाड केलेले असते.)

शाळेत तरी काय चालते? विज्ञानाच्या तासाला किलो म्हणजे हजार, आणि पुढच्याच संगणकाच्या तासाला किलो म्हणजे एक हजार चोवीस, असे मुले लिहून घेतात. फळ्यावर किलोबाइट आणि किबीबाइट ही दोन नावे शेजारी शेजारी लिहावयास अर्धे मिनिटही लागत नाही.