कोन आधी तपासा, तारीख मग छापा

कापडाच्या धंद्यात कोणी डोळे झाकून माल घेत नाही. मोहाडी, आंधळगावकडचा कोसा असो की बाहेरचा रंगीत कपडा, आम्ही एक तुकडा धुऊन, एक पांढऱ्या कापडावर घासून व एक उन्हात ठेवून पाहतो, मगच गठ्ठा उतरवतो. पण ईदच्या तोंडावर काउंटरवर मेहंदीचे कोन मांडताना हे शहाणपण कुठे जाते?

आमचाच किस्सा सांगतो. 2019 साली रमजान मे महिन्यात आला होता. सुरुवातीलाच एका ओळखीच्या कारागिराकडून आम्ही कोन घेतले. माल ताजा, रंग झकास. खोकी महिनाभर पत्र्याखालच्या माळ्यावर पडून राहिली. चाँदरातीला सगळी विकली आणि ईदच्या दुपारी मुली फिक्कट पिवळे हात दाखवायला आल्या. पैसे परत केले. कारागीर म्हणाला, "चाचा, माझ्याकडून निघाले तेव्हा चांगले होते." तो खोटे बोलत नव्हता. त्याने पहिल्या दिवसाचा कोन पाहिला होता, तिसाव्या दिवसाचा नाही.

मेहंदीच्या पाल्यातला रंग म्हणजे लॉसोन. पाला भिजवला की तो सुटतो आणि उष्णतेत लवकर मरतो. निव्वळ पाल्याचा कोन बाहेर थोडे दिवसच टिकतो, बर्फाच्या कप्प्यात काही महिने. म्हणून जो कोन उन्हाळाभर फळीवर राहूनही काळाभोर रंगतो, त्यात केस रंगवण्याचे रसायन असल्याचा संशय घ्यावा. त्याने कातडीवर फोड येतात.

टिकाऊपणाची तपासणी पहिल्यांदा करायची ती लेबल छापण्याआधी. विकायचा तोच कोन, त्याच वेष्टनात. काही नग थंडाव्यात, काही सावलीत, काही 40 अंश उष्णता व 75 टक्के दमटपणात ठेवतात. दर महिन्याला रंग, वास, फुगणे, गळणे पाहतात. उष्णतेतल्या तीन महिन्यांवरून अंदाज निघतो, पण सावलीतले नग शेवटच्या तारखेपर्यंत पाहावेच लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 पार करतो, तेव्हा 40 अंश ही काही प्रयोगशाळेपुरती गोष्ट नाही.

दुसऱ्यांदा, काहीही बदलले की. सोजतची पूड दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतली, निलगिरी तेल बदलले, कोनाचे प्लास्टिक पातळ केले, घरची घमेली सोडून मोठे यंत्र आणले, तर जुनी तपासणी त्या मालाला लागू नाही. इथेच आपले लोक चुकतात. चार पैसे वाचवायला वेष्टन बदलतात आणि तारीख मात्र जुनीच छापतात. मोठ्या कंपनीच्या पाकिटावरून 'दोन वर्षे' उतरवून घेणारेही आम्ही पाहिले आहेत. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे बनवल्याची तारीख व कधीपर्यंत वापरावे तो महिना लेबलवर हवा. तो महिना ठरवायला स्वतःच्या मालाचा आधार नको का?

खर्चाचे रडगाणे आम्हाला ठाऊक आहे. रंग-वास पाहायला मात्र वही आणि डझनभर कोन पुरतात. जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतच होते. त्या फीचा वाटा माल विकणाऱ्या दुकानदारांनी उचलावा असे आमचे मत आहे. नफा आपणही खातोच.

आता आम्ही घाणीचा नंबर आणि वही पाहिल्याशिवाय कोन घेत नाही. प्रत्येक घाणीतले सहा कोन त्याच माळ्यावर ठेवतो आणि दर जुम्म्याला एक फोडून घरच्यांच्या तळहातावर लावून पाहतो.