दारूचं झाड

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पावसाळ्यात कुठली झाडं लावायची यावर चर्चा झाली. गुलमोहर, अशोक, कुणी पाम म्हणालं. मी म्हटलं, मागच्या कंपाउंडला एक मोह लावू या. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "बाई, दारूचं झाड? या वयात?" सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र हसू येईना. कारण हेच मी एकदा बोललेय, आणि तेव्हा समोर बारा वर्षांचा मुलगा होता.

1979 साल. पडघ्याच्या पुढे एका गावात मी शिकवत होते. भिवंडीहून एस.टी., मग पायी. वार्षिक परीक्षा तोंडावर, आणि नेमकी चैत्रात पाड्यावरची पोरं गायब! एक मुलगा पंधरा दिवसांनी उगवला तो फडक्यात सुकवलेली मोहफुलं बांधून. माझ्यासाठी आणली होती. सगळ्या वर्गासमोर मी ते गाठोडं दाराबाहेर फेकलं. "शाळेत दारूचं सामान आणतोस?" तो काहीच बोलला नाही. बाहेर जाऊन त्याने एकेक फूल वेचलं आणि परत बांधलं. परीक्षेला बसला, पण माझ्याकडे मान वर करून त्याने पुन्हा पाहिलं नाही.

1981 च्या जनगणनेचं काम आम्हा शिक्षकांच्याच गळ्यात पडलं. त्या पाड्यावर एका म्हातारीने मला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. फुलं रात्री गळतात, म्हणून उजाडायच्या आत वेचायला जायचं, नाहीतर गुरं खातात. हाताशी असतील तेवढी सगळी माणसं लागतात, पोरंसुद्धा. आषाढात कणगी रिकामी झाली की हीच फुलं उकडून, भाजून पोट भरायचं. कच्च्या फळांची भाजी, बियांचं तेल, ते दिव्याला आणि जेवणालाही. दारू होते, देवाला धार लागते, हेही तिने सांगितलं, पण सगळ्यात शेवटी. आम्ही शिकलेली माणसं सुरुवातच तिथून करतो. सुकलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते हे मला पुढे वाचून कळलं. तिला ते न वाचताच ठाऊक होतं.

आता ही दृष्टी काही आम्ही एकट्यांनी कमावलेली नाही. 1878 च्या अबकारी कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातल्या गावभट्ट्या बंद झाल्या आणि गाळप उरणच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेलं. तिथे फुलं यायची पार गुजरातेतल्या पंचमहालातून. तरी इथल्या रानात फुलं फुकट पडत होतीच, म्हणून 1892 साली मुंबई सरकारने खास मोहफुलांसाठी वेगळा कायदा केला. काळजी लोकांच्या तब्येतीची नव्हती बरं का, महसुलाची होती! स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरची बंधनं राहिलीच. राज्य सरकारने आदिवासींसाठी ती उठवली 2021 मध्ये. म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्याचं गाठोडं कायद्याच्या नजरेतही संशयाचंच होतं. पण मी ते कायदा वाचून फेकलं नव्हतं.

परवानगीशिवाय मोह तोडायला बंदी आहे, 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत त्याचं नाव आहे. पण यादीत नाव घालून झाडं वाढत नाहीत. आमच्याकडे माणकोली, पूर्णा, काल्हेर बघता बघता गोदामांनी भरलं. शेतंच गेली तिथे बांधावरची झाडं कोण मोजणार! आणि रानात जे मोह उरलेत ते बहुतेक म्हातारे. याला थोडे वेचणारेही कारण आहेत, हे मला म्हातारीचा आदर राखूनच लिहावं लागेल. फुलं स्वच्छ वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात कोवळी रोपं होरपळतात. वर बिया तेलाला जातात. मग नवं झाड येणार कुठून? झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली तरी जाळावं लागणार नाही. यंत्रमागांच्या या गावात कापडाचे तुकडे कमी आहेत का?

मोह हळू वाढतो, ही लोकांची दुसरी तक्रार. खरी आहे. बियांपासून लावलेल्या झाडाला फुलं यायला आठ-दहा वर्षं सहज लागतात, भरात यायला आणखी तितकीच. कलम केलं तर लवकर येतो. पण नारळ लावताना आजोबांनी असा हिशेब मांडला होता का?

असो. सोसायटीचा ठराव बारगळला. पुतण्याच्या बांधावर मात्र जागा मिळाली आहे. गेल्या जूनमध्ये बाल्कनीत लांबट पिशव्यांत पाच बिया लावल्या, कारण मोहाचं मूळ सरळ खाली धावतं. दोन उगवल्या. एक रोप मी उन्हाळ्यात पुण्याला गेले तेव्हा वाळलं, दुसऱ्याला आता सहा पानं आहेत. यंदा जास्त लावायच्या आहेत. तेव्हा गावाकडे जाणाऱ्या भाचे-पुतण्यांनो, झाडाखाली पडलेल्या ताज्या बिया आणा, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि आल्या आल्या माझ्याकडे द्या. त्या फार दिवस टिकत नाहीत. मागच्या वर्षी एकाने दिवाळीला आणून दिल्या होत्या...