तो दुसरा आकडा का गाळता?

संपादक महोदय,

‘कॅनडात दर वीस मृत्यूंमागे एक डॉक्टरच्या हातून’ हे वाक्य आपल्या गेल्या आठवड्याच्या लेखात वाचलं आणि संताप आला. आकडा खरा आहे. २०२४ मध्ये इथे १६,४९९ जणांनी वैद्यकीय मदतीने मरण पत्करलं, म्हणजे एकूण मृत्यूंच्या ५.१ टक्के. पण हा आकडा ज्या सरकारी अहवालात आहे, त्यातच असंही लिहिलंय, की त्यांतल्या ९५ टक्क्यांहून अधिक जणांचं मरण तसंही समोर दिसत होतं. सर्वांत जास्त रुग्ण कॅन्सरचे. पंचाण्णव टक्के! धडधाकट म्हाताऱ्यांना सुई टोचून संपवतात असं भासवायचं असलं, की हा आकडा बरोबर गाळला जातो.

अर्ज रुग्णानेच करायचा, दोघा स्वतंत्र डॉक्टरांनी किंवा नर्स प्रॅक्टिशनरनी तपासायचं, आणि रुग्ण शेवटच्या क्षणीही ‘नको’ म्हणू शकतो. उलट कायदा फार कडक ठेवला की काय होतं, ते हॅलिफॅक्सच्या ऑड्री पार्कर यांनी दाखवून दिलं. कॅन्सर मेंदूपर्यंत गेलेला. ऐनवेळी पूर्ण भानावर राहून संमती देण्याची तेव्हा सक्ती होती. त्यांना नाताळ बघायचा होता. पण तोवर भान राहील याची खात्री नव्हती, म्हणून १ नोव्हेंबर २०१८ लाच त्यांनी निरोप घेतला. त्यांचे ते आठवडे कायद्यानेच हिरावले. २०२१ मध्ये ती अट सैल झाली.

विरोधक म्हणतात तसं, अपंग माणसाला परवडणारं घर मिळत नाही म्हणून तो मरण मागत असेल, तर सरकारला लाज वाटायला हवी. त्याला घर द्या. त्यासाठी कॅन्सरच्या रुग्णाचा हक्क कशाला काढून घेता?

१९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारलं, तेव्हा महाराष्ट्राने हात जोडले. सामान्य माणसाने, देवाधर्माचं नाव न घेता, ‘आता पुरे’ म्हटलं की तो खून कसा? आयुष्य ज्याचं, शेवटचा शब्दही त्याचाच.

राहिला ‘म्हाताऱ्यांवर दबाव येईल’ हा मुद्दा. मी इथल्या रुग्णालयांत मराठी रुग्णांसाठी दुभाषी म्हणून जाते. डॉक्टर कॅन्सरचं नाव घेतात आणि मुलगा मला डोळ्यांनी खुणावतो. नंतर हळूच म्हणतो, ‘आईला एवढं सांगू नका, ती खचेल.’ जिने जन्मभर शाळेत शिकवलं, संसार ओढला, तिला स्वतःच्या आजाराचं नाव कळू द्यायचं नाही. आणि व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे मुलांनी बाहेर कॉरिडॉरमध्ये ठरवायचं. दबाव शोधायचाच असेल तर तो इथे शोधा. डॉक्टर जे बोलतात ते मी जसंच्या तसं सांगते, कारण माझं काम तेच आहे. त्याबद्दल मुलांनी माझी तक्रार केली आहे. आईने एकदाही नाही.

– एक वाचक, मिसिसागा (ऑन्टारिओ)