वचनाचा अर्थ सांगायचा कोणी?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या समुपदेशन केंद्रात चाळिशीची एक बाई आली. डावा हात गळ्यात बांधलेला, उजव्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले बायबल. नवऱ्याने मारले होते, आणि पहिल्यांदा नव्हे. मी नेहमीप्रमाणे फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती. तिने सगळी उत्तरे दिली आणि मग म्हणाली, "ताई, कायदा मला ठाऊक आहे. आमच्या वस्तीत तुमचं शिबिर झालं तेव्हा ऐकलाय. मला एवढंच सांगा, मी घर सोडलं तर देवाला चालेल का?"

आमच्या फॉर्मवर या प्रश्नासाठी रकाना नाही. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातही हा प्रश्न मला कोणी शिकवला नव्हता. 'धर्म ही खाजगी बाब आहे, आपण कायद्याचे बोलू' असे म्हणून मी मोकळी झाले असते. पण मग ती परत गेली असती. घरी, त्याच घरी.

तिच्या पाळकसाहेबांनी तिला दोन वचने दाखवली होती. एक इफिसकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायातले, पत्नींनी पतीच्या अधीन असावे असे सांगणारे. दुसरे जुन्या करारातल्या मलाखी या संदेष्ट्याचे, घटस्फोटाचा देवाला तिटकारा आहे या अर्थाचे. शिवाय एका प्रार्थनासभेत बाहेरगावाहून आलेल्या, स्वतःला 'प्रॉफेट' म्हणवणाऱ्या गृहस्थांनी सर्वांसमक्ष सांगितले होते की, हिच्या मनात क्षमा नाही म्हणून नवऱ्याची दारू सुटत नाही. हिने चाळीस दिवस उपास करावा. तिने उपास केला. हात मोडला तो एकोणतिसाव्या दिवशी.

म्हणून या अंकाच्या संपादकीयासाठी आम्ही हा विषय निवडला. संदेष्टा म्हणजे कोण? त्याच्या शब्दाचा अर्थ लावायचा कोणी? आणि तो अर्थ लावताना मार खाणारी बाई कुठे बसलेली असते?

आधी शब्दच पाहू. 'प्रॉफेट' म्हटले की आपल्याकडे भविष्य सांगणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. बायबलमधले संदेष्टे पुढचे सांगतात हे खरे, पण त्यांचे मुख्य काम वेगळे आहे. आज जे चालले आहे ते देवाला मान्य नाही, हे सत्तेच्या तोंडावर सांगणे हे ते काम. नाथानने दावीद राजाला एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्याची बायको पळवून त्या नवऱ्याचा काटा काढल्याचा गुन्हा त्याच्या पदरात टाकला. आमोस हा तकोवाचा मेंढपाळ, उंबराची फळे राखणारा. गरिबांना तुडवणाऱ्यांविरुद्ध तो बेथेलमध्ये बोलला, तेव्हा तिथल्या याजकाने त्याला आपल्या गावी चालते व्हायला सांगितले. मीखाने बायकांना त्यांच्या राहत्या घरांतून हुसकावून लावणाऱ्यांवर कोरडे ओढले आहेत. घराबाहेर काढलेल्या किती जणी आपल्या केंद्रांत येतात! त्यांच्यासाठी आवाज उठवणारा संदेष्टा अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला, हे त्यांना रविवारच्या उपासनेत सांगितले जाते का?

खोटे संदेष्टेही बायबलला चांगले माहीत आहेत. अहाब राजाला लढाईवर जायचे होते. त्याच्या पदरच्या सुमारे चारशे संदेष्ट्यांनी एकमुखाने 'जा, विजय तुझाच' असा कौल दिला. मीखाया नावाचा एकटा माणूस उलट बोलला. त्याच्या थोबाडीत बसली, त्याला तुरुंगात टाकले गेले. पण खरा ठरला तो मीखायाच. यातून आपण एक साधी कसोटी घेऊ शकतो. जो संदेश बलवानाला सोयीचा आणि दुबळ्याला आणखी वाकायला लावणारा, तो देवाच्या नावाने आला तरी तपासून घ्यावा. चाळीस दिवस उपास नवऱ्याला का सांगितला नाही?

आता मलाखीकडे येऊ. त्या बाईबरोबर मी तो दुसरा अध्याय तिच्याच बायबलमधून वाचला. एरवी आपण तेवढे एक वाक्य ऐकतो; आम्ही दोघींनी वरून खालपर्यंत वाचले. संदेष्टा तिथे कोणाला फटकारतो आहे? तारुण्यात जिच्याशी लग्न केले त्या बायकोशी बेइमानी करणाऱ्या पुरुषांना. सोळाव्या वचनात घटस्फोटाच्या जोडीलाच, अंगावरचे वस्त्र जुलमाने माखणाऱ्याचा धिक्कार आहे. म्हणजे अर्धे वचन बाईला ऐकवले गेले आणि मारणाऱ्याला लागू पडणारे अर्धे गिळले गेले. शिवाय या वचनाचा मूळ हिब्रू पाठ अवघड आहे. 'न्यू इंटरनॅशनल व्हर्शन' या प्रसिद्ध इंग्रजी अनुवादाच्या १९८४ च्या आवृत्तीत तिटकारा करणारा देव आहे, तर २०११ च्या आवृत्तीत बायकोचा द्वेष करून तिला टाकणारा पुरुष आहे. एकाच अनुवादाचे विद्वान सत्तावीस वर्षांत वेगळ्या अर्थाला पोचतात आणि आमच्या बाईला मात्र सांगितले जाते की, देवाचे वचन आहे, इथे अर्थ लावायचा प्रश्नच नाही! इफिसच्या पत्राचेही तेच. अधीनतेच्या वचनाच्या अगदी आधीचे, २१ वे वचन सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे सांगते, आणि पुढे पतीने पत्नीवर स्वतःच्या शरीरासारखी प्रीती करावी असा आदेश आहे. स्वतःच्या शरीराचा हात कोणी मोडते का?

"पण आपण बायका. आपण अर्थ सांगणाऱ्या कोण?" तिने विचारले. तेव्हा आम्ही २ राजे या पुस्तकाचा २२ वा अध्याय उघडला.

यहूदाचा राजा योशीया. इसवी सनापूर्वी सुमारे ६२२ साल. यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. चिटणीस शाफान तो राजाला वाचून दाखवतो आणि राजा भीतीने आपली वस्त्रे फाडतो. ग्रंथ हाती आहे, शब्द वाचता येतात, पण याचा अर्थ काय, हा खरोखर देवाचा शब्द आहे का, हे सांगायचे कोणी? यिर्मया त्या काळात संदेश देऊ लागला होता. तरी राजाची माणसे जातात ती हुल्दाकडे. वस्त्रागाराचा कारभार पाहणाऱ्या शल्लूमची ही बायको, यरुशलेमच्या दुसऱ्या पेठेत राहणारी. महायाजकासकट पाच मानकरी पुरुष तिच्या दारात उभे राहतात. ती ग्रंथ खरा ठरवते, त्याचा अर्थ सांगते, आणि राजाला न आवडणारे भाकीतही न कचरता सांगते. तिच्या उत्तरानंतर त्या देशात मोठी धर्मसुधारणा होते. लिहिलेल्या ग्रंथाला अधिकाराचा शब्द म्हणून मान्यता देण्याचा बायबलमधला हा अगदी पहिल्या प्रसंगांपैकी एक, आणि ती मान्यता एका स्त्रीने दिली. 'तू बाई आहेस' असे त्या पाचांपैकी एकानेही म्हटल्याची नोंद नाही.

हुल्दा एकटी नव्हे. मिर्याम आहे. ताडाच्या झाडाखाली बसून इस्राएलचा न्यायनिवाडा करणारी दबोरा आहे. नव्या करारात मंदिरातली वृद्ध विधवा हन्ना आहे, फिलिपच्या संदेश देणाऱ्या चार मुली आहेत. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला पेत्राने भाषणात योएल संदेष्ट्याचा आधार घेतला, तेव्हा मुलगे आणि मुली दोघेही संदेश देतील असे सांगितले. मंडळीत बायकांनी गप्प बसावे, हे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायातले वाक्य आपल्याला पाठ असते. त्याच पत्राच्या ११ व्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने डोके झाकावे असे म्हटले आहे. गप्प बसून संदेश देता येतो काय? १४ व्या अध्यायातली ती वचने काही जुन्या हस्तलिखितांत वेगळ्या जागी, अध्यायाच्या शेवटी आढळतात. ती मागाहून कोणी घातली असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. सगळ्यांना ते पटत नाही. पण प्रश्न खुला आहे एवढे तरी आपल्या मंडळीतल्या बायकांना कळायला हवे.

इथे एक प्रामाणिकपणा पाळायला हवा. बायबलमध्ये सर्व काही आपल्या बाजूचे आहे असे म्हणणे खोटे ठरेल. होशेय आणि यहेज्केल यांनी देवाशी बेइमान झालेल्या लोकांना व्यभिचारी बायकोची उपमा दिली आणि तिला उघडी पाडण्याचे, शिक्षा देण्याचे जे वर्णन केले, ते मार खाल्लेल्या बाईला वाचवत नाही. रेनिटा वीम्स या आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासिकेने १९९५ साली याच उपमेवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. मोशेविरुद्ध मिर्याम आणि अहरोन दोघेही बोलले, पण कोड फुटले ते एकट्या मिर्यामच्या अंगावर. अशा जागी थांबून 'हे मला दुखते' असे म्हणणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. देवाशी वाद घालण्याची रीत संदेष्ट्यांनीच घालून दिली आहे; यिर्मयाने तर देवाकडे कडकडून तक्रार केली. आणि केवळ बाई आहे म्हणून तिचा संदेश खरा, असेही नाही. नहेम्याला धमकावणाऱ्यांत नोवद्या नावाची संदेष्ट्री होतीच. कसोटी सर्वांना एकच.

आपल्या महाराष्ट्राला तर हा वारसा घरचाच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा वाद सुरू झाला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा आग्रह बिशपांनी धरला, तेव्हा आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाच्या हाती दिलेली नाही, अशी भूमिका रमाबाईंनी घेतली. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत अडकायला त्या तयार नव्हत्या. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सामान्य बाईला कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. १९२२ साली त्या गेल्या; १९२४ साली ते बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रसिद्ध झाले. त्यांच्या काळात गावोगावी 'बायबलबाया' घरोघर जाऊन वचन वाचून दाखवत, समजावून देत. उंबऱ्यावर बसून अर्थ सांगायला बाई चालत होती. व्यासपीठ मात्र पुरुषाचे होते.

हे बदलते आहे, पण संथपणे. चर्च ऑफ साऊथ इंडियाने २०१३ साली ई. पुष्पललिता यांच्या रूपाने आपली पहिली स्त्री बिशप नेमली. कॅथलिक चर्चने १९९४ साली स्त्रियांना याजकपद देण्याचा आपल्याला अधिकारच नाही असे जाहीर केले, आणि तो निर्णय आजही कायम आहे. कायद्याचेही तसेच. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि २००१ साली संसदेने कायदा सुधारला. त्यासाठी ख्रिस्ती स्त्रियांनी वर्षानुवर्षे सभा घेतल्या, मसुदे लिहिले, निवेदने दिली. त्यांनाही तेव्हा 'शास्त्र काय म्हणते' हेच ऐकवले गेले होते.

आणखी एक अडचण आम्हाला टाळायची नाही. आज प्रार्थनासभांवर, चर्चवर हल्ले होतात. अशा वेळी समाजातले पुरुष म्हणतात, "घरातलं बाहेर काढू नका, शत्रूला निमित्त मिळेल." ही भीती खोटी नाही, आणि हल्ले करणाऱ्यांना ख्रिस्ती बाईचा कळवळा आहे असे आम्ही क्षणभरही मानत नाही. पण समाजाच्या इभ्रतीचे ओझे प्रत्येक वेळी बाईच्याच मोडक्या हातावर का? संदेष्टे आपल्याच लोकांशी बोलले, तेही संकटाच्या काळात. त्यांना कोणी घरभेदी म्हटले असेल, पण ग्रंथात राहिले ते तेच.

म्हणून आमची एक सूचना आहे. आपल्या महिला मंडळात, वस्तीतल्या गटात महिन्यातून एकदा एकत्र वाचा. वचन पुढे आले की विचारा: याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे? हे कोणाला उद्देशून आहे? दुसऱ्या अनुवादात काय आहे? आणि या अर्थाने कोणाचा भार हलका होतो, कोणाचा वाढतो? यासाठी हिब्रू यावे लागत नाही. एकमेकींचे ऐकावे मात्र लागते.

त्या बाईचे काय झाले? तिने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला आहे. तारखा पडत आहेत. सध्या ती बहिणीकडे राहते आणि दर रविवारी त्याच चर्चमध्ये, तिसऱ्या बाकावर बसते. पहिले काही आठवडे शेजारी कोणी बसले नाही. मग महिला मंडळाच्या बैठकीत वाचनाची पाळी तिच्यावर आली, तेव्हा तिने हुल्दाचा अध्याय वाचला. कोणी काही बोलले नाही. पण पुढच्या रविवारी दोघीजणी तिच्या बाकावर येऊन बसल्या.

मिर्यामच्या गोष्टीचा शेवट सहसा सांगितला जात नाही. तिला सात दिवस तळाबाहेर ठेवले. ते सात दिवस सगळे लोक थांबून राहिले. तिला परत आणल्याशिवाय कोणीही मुक्काम हलवला नाही. आपल्या मंडळ्यांकडून आणि आपल्या चळवळीकडून आमची एवढीच अपेक्षा आहे. तळाबाहेर बसलेल्या बाईला टाकून पुढे जाऊ नये.

तुमच्या गटात असे वाचन झाले, एखाद्या वचनावर वाद झाला, तर जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी जागा राखून ठेवली आहे.