गोटा टायर आणि पहिला पाऊस

मृग जवळ आला की आशागड परिसरात घरे शाकारली जातात, भाताचे बियाणे आणले जाते, ताडपत्र्या बाहेर निघतात. गाडीचे टायर मात्र या तयारीत क्वचितच येतात. अपघात हा आरोग्याचाच प्रश्न मानला, तर टायरची तपासणी ही पावसाळ्यापूर्वीची प्रतिबंधक काळजी ठरते.

युरोपातील अनेक देशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर लावतात, कारण साधारण 7 अंशांखाली नेहमीचे रबर कडक होऊन पकड सोडते. डहाणू-तलासरीत त्यांची गरज नाही. इथे कसोटी लागते ती पावसाळ्यात. कोरड्या डांबरावर गोटा झालेला टायरही बऱ्यापैकी पकड घेतो, त्यामुळे मे महिन्यात चालकाला काही बिघडल्याचे जाणवत नाही. ओल्या रस्त्यावर मात्र चाकाखालचे पाणी बाजूला फेकण्याचे काम टायरच्या खाचांना करावे लागते. खाचा झिजलेल्या असतील आणि वेग जास्त असेल, तर पाण्याचा थर चाक आणि रस्ता यांच्यामध्ये शिरतो. गाडी अक्षरशः तरंगते, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी होतात. गावातल्या खड्ड्यांतून हळू जाणारी गाडी चारोटी नाक्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चढली, की हा धोका खरा होतो.

मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर, तर दुचाकी आणि तीनचाकीची 0.8 मिलिमीटर खोल हवी. पण ही शेवटची मर्यादा आहे. पाण्यातली पकड त्याआधीच कमी होऊ लागते, म्हणून मोटारीची खाच 3 मिलिमीटरच्या आसपास आली की पावसाआधीच टायर बदलणे शहाणपणाचे. जाड नक्षीचे चिखलाचे टायर शेतरस्त्यावर उपयोगी पडतात, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते. शोभेसाठी बसवलेले रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात. रोजच्या प्रवासाला कंपनीने सांगितलेल्या मापाचा, चांगल्या खाचांचा साधा टायरच योग्य.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी भरावी, हा समजही सोडायला हवा. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दबतात, तापतात आणि त्यानेच टायर फुटतो. पावसात कमी हवेचा टायर कमी वेगालाही तरंगू लागतो. हवा तपासावी ती टायर थंड असताना, महिन्यातून दोनदा तरी.

खरा अन्याय वेगळाच आहे. स्वतःच्या गाडीचा मालक टायर निवडू शकतो. जीप, इको किंवा रिक्षात दाटीवाटीने बसलेले मजूर आणि शाळकरी मुले तो निवडू शकत नाहीत, पण किंमत तेच मोजतात. जानेवारीत मिळालेले योग्यता प्रमाणपत्र जूनमधल्या खाचांची हमी देत नाही. समृद्धी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर गाड्यांचे टायर तपासून झिजलेल्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. तशीच तपासणी परिवहन विभागाने मेअखेरीस डहाणू-तलासरीच्या प्रवासी थांब्यांवर करावी. प्रवाशांनीही बसण्याआधी चाकाकडे एकदा पाहावे. खाच दिसत नसेल, तर दुसरी गाडी धरावी. दहा मिनिटे उशीर परवडतो.